अझरबैजानमधली अनेक भाषांची, अनेक धर्मांची गावं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अझरबैजान म्हणजे अझरी लोकांचा देश ना? मग ही वेगळी गावं आली कुठून?

बहुसंख्या अझरींचीच आहे. २००९ च्या जनगणनेत त्यांचं प्रमाण ९१.६ टक्के होतं. उरलेल्यांत लेझगी सुमारे १ लाख ८० हजार, तालिश १ लाख १२ हजार, अवार जवळपास ५० हजार, तात २५ हजार, त्साखुर १२ हजार आणि उदी अवघे ३,८०० च्या आसपास. खिनालिग, बुदुग, ग्रिझ अशांची संख्या तर एका-दोन गावांपुरतीच आहे.

या गावांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. काही गावं डोंगराने राखली. रस्ताच नव्हता, म्हणून भाषा टिकली. खिनालिग, ग्रिझ, बुदुग आणि काही अंशी लाहिज ही त्यातली. दुसरी गावं कुणा ना कुणा सत्ताधाऱ्याच्या हुकमाने किंवा आश्रयाने वसली : मोलोकान रशियनांचं इवानोवका, जर्मनांचं हेलेनेनडोर्फ, पहाडी ज्यूंचा लाल कसबा. पहिल्या प्रकारात लोक वर चढून राहिले, दुसऱ्यात ते आणून बसवले गेले. गावाची रचना, शेती, धर्मस्थळ, आज तिथे किती माणसं उरली आहेत, हे सगळं या एका फरकावरून बरंचसं कळतं.

नकाशावरची नावं आणि लोकांच्या तोंडची नावं जुळत नाहीत. असं का?

अझरी भाषा १९९१ पासून पुन्हा रोमन लिपीत लिहिली जाते, पण अक्षरांचे उच्चार इंग्रजीसारखे नाहीत. ‘क्यू’ दिसला की ‘ग’, ‘सी’ दिसला की ‘ज’, ‘एक्स’ दिसला की घशातला ‘ख’. त्यामुळे पाटीवर ‘निक’ वाटणारं गाव नीज असतं, ‘लाहिक’ हे लाहिज असतं, आणि आपण ज्याला ‘कुबा’ म्हणतो त्याला तिथले लोक गुबा म्हणतात. टॅक्सीवाल्याला ‘काक्स’ला जायचंय म्हणून सांगितलंत तर तो तोंडाकडे बघत राहील. गाख म्हणा.

दुसरी भानगड नामांतराची. हेलेनेनडोर्फचं १९३८ साली खानलार झालं आणि २००८ साली गॉयगॉल. वारताशेन आता ओगुझ आहे, आन्नेनफेल्ड आता शामकीर. जुनी पुस्तकं वाचून जाणाऱ्याने दोन्ही नावं वहीत लिहून ठेवावीत. शिवाय लाझा नावाची दोन गावं आहेत, एक गुसार जिल्ह्यात आणि एक गबाला जिल्ह्यात. हॉटेल बुक करताना जिल्हा बघून घ्या, नाहीतर डोंगराच्या भलत्याच बाजूला पोहोचाल.

खिनालिग आणि लाहिज नकाशावर अगदी शेजारी दिसतात. एका दिवसात दोन्ही होतील का?

नाही. सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. सरळ रेषेत अंतर चाळीसेक किलोमीटर आहे, पण मध्ये बृहत् कॉकेससची मुख्य रांग उभी आहे. ३,६२९ मीटरचं बाबादाग शिखर याच रांगेत येतं. मोटारीने जायचं तर खिनालिगहून गुबा, तिथून बाकूच्या दिशेने पार खाली, मग पश्चिमेला वळून शामाखीमार्गे इस्मायिल्ली आणि शेवटी गिर्दिमान नदीच्या घळीतून लाहिज. हा वळसा जवळजवळ ४०० किलोमीटरचा होतो.

प्रवास तीन तुकड्यांत बांधावा. उत्तरेचा तुकडा : बाकू ते गुबा (सुमारे १७० किमी), तिथून लाल कसबा आणि खिनालिग, इथे दोन रात्री हव्यात. दुसरा तुकडा डोंगराच्या दक्षिण पायथ्याचा : शामाखी, लाहिज, इवानोवका, नीज, ओगुझ, शेकी, गाख, झागाताला. ही गावं एका माळेत ओवल्यासारखी आहेत, पाच दिवस सहज लागतात. तिसरा तुकडा दक्षिणेचा, लेंकेरान आणि लेरिक, म्हणजे तालिश मुलूख. तो कास्पियनच्या काठाने वेगळाच पडतो. आठच दिवस असतील तर तिसरा तुकडा सोडा. तिन्ही कोंबलेत तर निम्मा प्रवास गाडीच्या काचेतून होईल.

खिनालिगमध्ये एवढं बघण्यासारखं काय आहे?

सुमारे २,३०० मीटर उंचीवरचं, दोनेक हजार वस्तीचं हे गाव. इथली खिनालिग भाषा ईशान्य कॉकेशियन कुळातली आहे, पण तिला इतकी जवळची बहीण नाही की शेजारच्या गावातल्या माणसाला ती कळावी. लोक सुन्नी मुसलमान आहेत. २००७ साली गावाला संरक्षित वारसाक्षेत्राचा दर्जा मिळाला, आणि २०२३ साली युनेस्कोने गावासह ‘कोच योलू’ म्हणजे मेंढपाळांची सुमारे २०० किलोमीटरची वाट जागतिक वारसा यादीत घेतली. उन्हाळ्यात कळप वरच्या कुरणांत, हिवाळ्यात खालच्या मैदानात. आपल्याकडचे धनगर पावसाच्या हिशेबाने फिरतात, हे लोक बर्फाच्या.

घरं उतारावर पायऱ्यांसारखी चढत जातात. खालच्या घराचं छप्पर हेच वरच्या घराचं अंगण. छप्पर सपाट : लाकडी तुळया, त्यावर काटक्या-दगडांचा थर, वर दाबून बसवलेली माती. बर्फ पडला की तो लगेच खाली ओढावा लागतो. राहू दिला तर वितळून मातीत झिरपतो आणि छप्पर गळायला लागतं. ही कटकट नको म्हणून अनेकांनी वर पत्रा घातला. वारसावाल्यांना पत्रा खुपतो, राहणाऱ्याला गळकं छप्पर खुपतं. राहणाऱ्याची बाजू आम्हाला जास्त पटते.

आणखी एक गोष्ट नीट बघा : अंगणाच्या कडेला विटांसारखे रचलेले काळपट ठोकळे. ते जळण आहे. एवढ्या उंचीवर झाडं नाहीत. हिवाळाभर गोठ्यात जनावरांच्या पायाखाली तुडवलं गेलेलं शेण आणि गवत घट्ट बसतं. वसंतात फावड्याने त्याचे चौकोनी तुकडे पाडतात, उन्हात कडेवर उभे करून वाळवतात आणि मध्ये वारा खेळेल अशी फट ठेवून रचतात. आपल्या गोवऱ्या थापून करतात, या कापून करतात. फट ठेवली नाही तर आतले ठोकळे ओलेच राहतात, आणि असल्या जळणाचा हिवाळ्यात नुसता धूर होतो.

तिथे कसं आणि कधी जायचं?

गुब्यापासून साधारण ५५ ते ६० किलोमीटर. पक्का रस्ता २००६ च्या सुमारास झाला. त्याआधी हिवाळ्यात गाव महिनोन् महिने तुटलेलं असे. जून ते सप्टेंबर हा काळ चांगला. ऑक्टोबरच्या मध्यानंतर बर्फाची शक्यता धरावी. गुब्यातून उंच चाकांची निवा किंवा तत्सम जीप ठरवा. भाडं ठरवताना ‘जाऊन-येऊन आणि थांबण्याचे इतके तास’ असं स्पष्ट बोला, कारण वर थांबण्यावरूनच वाद होतात. रस्त्यावर दरडी कोसळतात. पाऊस झाला असेल तर दुपारपर्यंत वाट बघून निघालेलं बरं.

वरून पुढे गुसारकडच्या लाझापर्यंत डोंगर पायी ओलांडायची अनेकांना हौस असते. तो भाग शाहदाग राष्ट्रीय उद्यानात येतो आणि रशियाची सीमा जवळ आहे. परवानगीशिवाय निघालात तर सीमारक्षक परत पाठवतात. गावातला वाटाड्या ‘काही होत नाही’ म्हणाला तरी कागद बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आसपासच्या ग्रिझ, बुदुग, जेक या गावांचं काय?

यांना खिनालिगसह शाहदाग लोक म्हणतात. ग्रिझ आणि बुदुग भाषा लेझगी गटातल्या आहेत. लोक मोठ्या संख्येने खाली खाचमाझच्या मैदानात उतरले आणि उतरल्यावर एका पिढीत घरात अझरी आली. बुदुग बोलणारे आता मोजकेच आहेत. गावात गेलात तर ओस घरं जास्त दिसतील.

लाल कसब्यातले ज्यू इस्रायलहून आलेले आहेत का?

उलट. इथून इस्रायलला आणि मॉस्कोला गेलेले पुष्कळ आहेत. हे पहाडी ज्यू. त्यांची जुहुरी भाषा इराणी गटातली, फारसीच्या नात्यातली, हिब्रू शब्द मिसळलेली. लिपीही तिने दोनदा बदलली : आधी हिब्रू, १९२९ पासून रोमन, १९३८ पासून सिरिलिक. आजोबांचं पत्र नातवाला वाचता येऊ नये याची चोख व्यवस्था.

वस्ती अठराव्या शतकातली, गुब्याच्या खानांच्या आश्रयाने कुदियालचाय नदीच्या पलीकडच्या काठावर वसलेली. ‘गिर्मिझी गॅसॅबॅ’ या नावातला दुसरा शब्द आपल्याला अनोळखी नाही : तोच अरबी शब्द आपल्याकडे ‘कसबा’ झाला. सोव्हिएत काळाआधी हिला ‘ज्यू वस्ती’ म्हणत, नंतर ‘लाल’ झाली. सहा घुमटांचं सिनेगॉग १८८८ सालचं आहे. एका जुन्या सिनेगॉगच्या इमारतीत २०२० साली पहाडी ज्यूंचं संग्रहालय उघडलं. सुरुवात तिथूनच करा, म्हणजे बाकीचं समजत जातं.

लोक विचारतात, एवढ्या आलिशान हवेल्या आणि सगळ्या कुलूपबंद कशा? मालक मॉस्कोत असतात. कोकणातल्या बंद घरांचं कुलूप गणपतीला निघतं, तसं इथलं उन्हाळ्यात, विशेषतः ‘तिशा बआव’च्या शोकदिनाच्या सुमारास निघतं. तेव्हा सगळे पूर्वजांच्या कबरींना भेट द्यायला येतात. गाव भरलेलं बघायचं असेल तर जुलै-ऑगस्ट.

शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथ, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीचा दिवस असतो, फोटो काढू नयेत. सिनेगॉगमध्ये शिरताना पुरुषांनी डोकं झाकायचं, आणि इथली खासियत म्हणजे चपला-बूट बाहेर काढायचे. युरोपातल्या ज्यूंना याचं नवल वाटतं. मराठी माणसाला सांगावं लागत नाही.

लाहिजची तांब्याची भांडी घ्यावीत का? खरं-खोटं कसं ओळखायचं?

लाहिज हे तात भाषिक गाव. तात भाषाही इराणी गटातली आणि गावाचं नाव इराणमधल्या लाहिजान शहरावरून पडलं अशी परंपरागत समजूत आहे. इथल्या तांबटकामाला युनेस्कोने २०१५ साली अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. गोट्यांची फरसबंदी, तिच्याखालून जाणारी जुनी गटारं आणि दगडी भिंतींत मध्येमध्ये घातलेले लाकडाचे आडवे पट्टे या तीन गोष्टी चालता चालता दिसतील. पट्टे शोभेसाठी नाहीत. भूकंपात नुसती दगडी भिंत कोसळते, लाकूड थोडं हलतं आणि भिंतीला धरून ठेवतं.

आता भांडी. पत्रा कापून ऐरणीवर ठोकतात. तांबं ठोकत गेलं की ताठ होतं; तसंच रेटलं तर कडेला चिरतं. म्हणून मध्येच भट्टीत लाल करून पाण्यात बुडवतात, ते पुन्हा मऊ पडतं, पुन्हा ठोकायचं. एका घागरीसाठी हे अनेकदा होतं आणि खरी मजुरी त्याचीच असते. शेवटी आतून कल्हई. कल्हई करणाऱ्याला तिथे ‘गलायची’ म्हणतात, कथलाला ‘गलाय’. आपल्या ‘कल्हई’चं आणि ‘गलाय’चं मूळ एकच, अरबी. रीतही तीच : भांडं तापवायचं, नवसागर फिरवायचा, पांढरा धूर निघाला की कथील टेकवायचं आणि कापसाच्या बोळ्याने भरभर पसरायचं.

विकत घेताना चार गोष्टी पाहा. आतल्या बाजूला एकाच केंद्राभोवतीच्या बारीक गोल रेघा असतील तर भांडं यंत्रावर फिरवून केलेलं आहे. हातकामात हातोडीचे लहान लहान चपटे ठसे दिसतात. काठ दुमडलेला आणि बोटाला गोल लागणारा हवा. कडीचे रिव्हेट हलवून बघा. आणि आत कल्हई आहे का ते विचारा. नसेल तर भांडं शोभेचं समजावं. आंबट पदार्थ उघड्या तांब्यात ठेवला की कळकतो आणि पोटाला बाधतो. घरी आणल्यावर रिकामं भांडं गॅसवर ठेवू नका. कथील २३२ अंशांना वितळतं, मोठ्या आचेवर दोन मिनिटांत कल्हईचे थेंब होऊन तळाशी गोळा होतात.

मुख्य रस्त्यावरच्या दुकानांत बाहेरून आणलेला मालही असतो. ठोकण्याचा आवाज येतोय त्याच दुकानात शिरा.

इवानोवका हे ‘जिवंत सोव्हिएत गाव’ आहे असं वाचलं. खरं का?

अर्धं खरं. इथला कोलखोझ, म्हणजे सामूहिक शेतसंस्था, सोव्हिएत संघ बुडाल्यावरही मोडला नाही. देशात इतरत्र जमिनी वाटल्या गेल्या, इथल्या लोकांनी एकत्र ठेवल्या. संस्थेला तिचे दीर्घकाळचे अध्यक्ष निकितिन यांचं नाव आहे. बाकूच्या बाजारात ‘इवानोवकाचं’ लोणी, साय, मध म्हटलं की चार पैसे जास्त मिळतात. त्यामुळे त्या नावाने विकलं जाणारं सगळं तिथलंच असतं असं नाही.

पण गावाची खरी ओळख धर्माची आहे. मोलोकान हे रशियन ऑर्थोडॉक्स चर्चपासून फुटलेले. उपवासाच्या काळातही दूध पितात म्हणून ‘मोलोको’, म्हणजे दूध, यावरून ते नाव पडलं असं सांगतात. १८३० च्या फर्मानाने झारच्या सरकारने अशा पंथांना कॉकेससपलीकडे धाडायला सुरुवात केली, आणि १८४० च्या दशकात हे गाव वसलं. त्यांच्याकडे मूर्ती नाही, चित्र नाही, क्रूस नाही, पुरोहित नाही. प्रार्थनाघर म्हणजे बाकांची साधी खोली : पुरुष एकीकडे, स्त्रिया दुसरीकडे, वडीलधारा माणूस बायबल वाचतो आणि सगळे मिळून स्तोत्रं गातात. घुमटाचं चर्च शोधत फिरणारे पर्यटक म्हणूनच रिकाम्या हाताने परततात.

परंपरेने हे लोक दारू आणि डुकराचं मांस टाळतात. ‘रशियन’ म्हणून व्होडकाची बाटली भेट नेऊ नका. अलीकडे तरुण रशियाला जातात आणि रिकाम्या घरांत लेझगी, अझरी कुटुंबं येतात, तेव्हा सोळा आणे रशियन गाव हीही आता जुनी गोष्ट झाली.

गादाबाय जिल्ह्यातलं स्लाव्यांका हे दुखोबोर या दुसऱ्या पंथाचं. १८९५ च्या जूनअखेरीस दुखोबोरांनी युद्धाला नकार म्हणून आपली शस्त्रं जाळली, त्या तीन ठिकाणांपैकी एक हे. त्यांच्यातले हजारो १८९९ साली कॅनडाला गेले.

नीजच्या उदी लोकांना ‘तुम्ही आर्मेनियन का?’ असं विचारलेलं चालतं का?

विचारू नका. उदी स्वतःला कॉकेशियन अल्बेनियाच्या प्राचीन ख्रिस्ती राज्याचे वारस मानतात. (बाल्कनमधल्या अल्बेनियाशी याचा काही संबंध नाही.) १८३६ साली रशियन साम्राज्याने त्यांचं चर्च आर्मेनियन चर्चच्या अखत्यारीत घातलं, त्यामुळे प्रार्थना, शिलालेख, आडनावं यांवर आर्मेनियन छाप बसली. पुढे १९८८ नंतर आर्मेनियन-अझरी संघर्ष पेटला तेव्हा तीच छाप महागात पडली. वारताशेनमधले बरेच उदी निघून गेले.

२००३ साली अल्बेनियन-उदी ख्रिस्ती समुदायाची स्वतंत्र नोंदणी झाली. नीजमधलं चोतारी चर्च नॉर्वेच्या मदतीने दुरुस्त होऊन २००६ साली उघडलं. दुरुस्तीच्या वेळी भिंतीवरची आर्मेनियन अक्षरं खरवडून काढली गेली आणि नॉर्वेच्या बाजूने त्याचा उघड निषेध झाला. चर्च सुंदर आहे, पण ही गोष्ट माहीत असूनच ते बघावं.

भाषेचा मामला तर अफलातून आहे. अल्बेनियन लिपी होती हे ठाऊक होतं, १९३७ साली एका जुन्या हस्तलिखितात तिची ५२ अक्षरं सापडली, पण वाचायला मजकूरच नव्हता. १९९० च्या दशकात सिनाई पर्वताच्या पायथ्याच्या मठात झाझा अलेक्सिद्झे या जॉर्जियन विद्वानाला खरवडून पुन्हा वापरलेल्या चर्मपत्राखाली ती अक्षरं दिसली. ती उलगडायला आजची उदी भाषा कामी आली. कुणी हिशेबात न धरलेल्या एका खेड्याच्या बोलीने दीड हजार वर्षांपूर्वीचं बायबल वाचून दिलं.

नीजला जायला गबाला मुक्कामी धरा. गाव विखुरलेलं आहे, घरं परसांच्या आत दडलेली, त्यामुळे ‘गावाचा मध्य’ शोधत बसू नका. शरदात जा : चेस्टनट आणि हेझलनटचा हंगाम असतो.

या भाषा एकमेकींसारख्या वाटतात का?

एक ते पाच मोजून बघा. अझरी : बिर, इकी, उच, दॉर्द, बेश. लेझगी : साद, क्वेद, पूद, कूद, वाद. उदी : सा, पा, खिब, बिप, गो. तालिश : इ, दि, से, चो, पेंज. अझरी तुर्की कुळातली, लेझगी-उदी कॉकेससच्या मातीतल्या, तालिश इराणी. तालिश आणखी पुढे मोजा : नऊला ‘नव’, दहाला ‘दा’. इराणी आणि भारतीय आर्य भाषा चुलत बहिणी, म्हणून तालिश आजी मोजायला लागली की मराठी कान टवकारतात.

शाळेचं माध्यम बहुतेक ठिकाणी अझरी. काही भाषा प्राथमिक वर्गांत आठवड्याला दोनेक तास शिकवल्या जातात. गाखमध्ये जॉर्जियन माध्यमाच्या शाळा आहेत. दोन तासांनी भाषा टिकत नाही, घरात बोलली तरच टिकते, हे तिथले शिक्षकही सांगतील.

भाषा वेगळी म्हणजे धर्मही वेगळा, असं धरायचं का?

इथेच गफलत होते. लेझगी, अवार, त्साखुर, खिनालिग सुन्नी. तालिश आणि तात बहुतांशी शिया, अझरी बहुसंख्येने शिया. तात गटातल्या भाषा मुसलमान बोलतात आणि ज्यूही. इंगिलोय लोक जॉर्जियन बोलतात, पण गाखकडचे ख्रिस्ती आणि झागातालाकडचे मुसलमान. गाखजवळच्या कुर्मुख देवळात संत जॉर्जची जत्रा मे आणि नोव्हेंबरमध्ये भरते, तेव्हा दोन्ही धर्मांचे लोक मेणबत्त्या लावतात आणि नवस फेडायला कोंबडी-मेंढी आणतात. चर्च म्हणावं की पीर, हा प्रश्न तिथे कुणाला पडलेला दिसत नाही.

जर्मन गावात जर्मन भेटतील का?

नाही. व्युर्टेमबर्गहून आलेल्या श्वाबियन शेतकऱ्यांनी १८१९ साली हेलेनेनडोर्फ वसवलं, द्राक्षमळे लावले, फोरर आणि हुमेल घराण्यांनी वाइनचा मोठा धंदा उभा केला. ऑक्टोबर १९४१ मध्ये स्टालिनच्या हुकमाने सगळ्यांना कझाकस्तानला नेऊन टाकलं. आज गॉयगॉलमध्ये झाडांच्या रांगांचे सरळ रस्ते, लाकडी सज्जांची घरं, खोल तळघरं आणि १८५७ सालचं लुथेरन चर्च (आता संग्रहालय) उरलं आहे. गांजा शहरातून अर्ध्या दिवसात होतं.

आर्मेनियन गावांचं काय झालं?

१९८८ नंतर अझरबैजानमधले बहुतेक आर्मेनियन आणि आर्मेनियातले बहुतेक अझरी आपापली गावं सोडून गेले, बहुतांशी हिंसेच्या भीतीने. पुढच्या युद्धात कॅल्बाजार-लाचिन भागातली अझरी आणि कुर्द गावं रिकामी झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये काराबाखमधून, म्हणजे ज्यावरून हा झगडा होता त्या डोंगराळ प्रदेशातून, एक लाखाहून जास्त आर्मेनियन बाहेर पडले. यात एक वेगळं प्रकरण आहे. शामाखीजवळचं आर्मेनियन गाव केर्केंज आणि आर्मेनियातलं अझरी गाव गिझिल शाफाग यांनी १९८९ साली आपसांत बोलून गावांची अदलाबदल केली. घरं बघून ठरवली आणि एकमेकांची कब्रस्तानं सांभाळायचं कबूल केलं. या विषयावर रस्त्यात भेटलेल्या माणसाला प्रश्न विचारू नका. त्याने स्वतः काढला तर ऐका.

लेरिकचे लोक खरंच दीडशे वर्षं जगतात?

बार्झावू गावचे शिराली मुस्लिमोव १९७३ साली वारले तेव्हा वय १६८ सांगितलं गेलं. त्याला जन्माचा विश्वासार्ह पुरावा नाही. लेरिकचं दीर्घायुष्य संग्रहालय गमतीने बघावं. तालिश जेवण मात्र मनापासून जेवावं.

शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

थोडे होतात. ‘एत येमिरॅम’ म्हणजे मी मांस खात नाही. एवढ्यावर थांबू नका, रस्सा मांसाच्या पाण्यातला आहे का ते विचारा, कारण तिथे नुसत्या पाण्याला कुणी मांस म्हणत नाही. पालेभाजी भरलेला गुताब, दोव्गा (दह्याचं पालेभाजी घातलेलं सूप), चीज, मध, तंदुरी पाव यावर निभतं. तालिशांचा लॅवॅंगी, म्हणजे अक्रोड-कांदा-आंबट आलुबुखाराचं सारण भरलेली कोंबडी किंवा मासा, आणि गाखचा वाळवलेल्या मांसाचा सुर्हुल्लू हे सामिष खाणाऱ्यांसाठी.

व्हिसा आणि पैशांचं कसं?

भारतीयांना ई-व्हिसा मिळतो, साधारण तीन कामकाजाच्या दिवसांत, ३० दिवसांपर्यंतच्या मुक्कामासाठी. सरकारी संकेतस्थळाचं नाव ‘आसान’. अझरीतही अर्थ तोच. नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं टाका, एका अक्षराची चूक विमानतळावर अडवते. १५ दिवसांहून जास्त राहणार असाल तर स्थलांतर विभागात नोंदणी सक्तीची, नाही केली तर परत निघताना दंड. २०२० पासून प्रवाशांसाठी जमिनीवरच्या सीमा बंद असून मुदत वाढतच गेली आहे, तेव्हा जॉर्जियातून बसने शिरण्याचा बेत आधी तपासा. मे २०२५ मध्ये अझरबैजानने पाकिस्तानची बाजू घेतल्यावर भारतातल्या अनेक प्रवासी कंपन्यांनी तिथलं बुकिंग थांबवलं होतं. थेट विमान आहे का ते निघण्याआधी बघावं.

एक डॉलर म्हणजे १.७० ‘मानात’ (तिथलं चलन), हा दर २०१७ पासून जवळजवळ हललेला नाही. एटीएम जिल्ह्याच्या गावात असतं, खेड्यात नसतं. पाच-दहाच्या नोटा जवळ ठेवा.

या सगळ्यात मराठी माणसाच्या ओळखीचं काही?

बाकूशेजारचं सुराखानी. तिथली जुनी वस्ती तात भाषिक, आणि तिथेच आतेशगाह हे अग्निमंदिर. मुलतानकडून आलेले व्यापारी आणि बैरागी अठराव्या शतकात इथे राहत. भिंतींवर देवनागरी आणि गुरुमुखी शिलालेख आहेत, एक तर ‘श्रीगणेशाय नमः’ने सुरू होतो. मुंबईचे पारशी पंडित जीवनजी जमशेदजी मोदी १९२५ साली इथे येऊन गेले, आणि ही वास्तू पारशी अग्यारीपेक्षा हिंदूंची जास्त वाटते असं त्यांचं मत पडलं. जमिनीतला नैसर्गिक वायू १९६९ साली संपला. आता ज्योत पाइपमधल्या गॅसवर जळते. शिलालेख वाचायचे तर सकाळी जा. खोदकाम उथळ आहे, तिरप्या उन्हात अक्षरं उठून दिसतात. दुपारी डोक्यावरच्या उन्हात सगळा दगड एकसारखा पांढरा होतो.